जुन्या कोमांचेचे पुढचे हब बदलले, त्याची सगळी हकीकत

ज्यांच्याकडे १९८६ ते १९८९ मधली टू-व्हील-ड्राइव्ह जीप कोमांचे (जीपचा छोटा पिकअप ट्रक) आहे, किंवा त्याच वर्षांतली टू-व्हील-ड्राइव्ह चेरोकी (जीपचीच एसयूव्ही) आहे, त्यांना हे थेट उपयोगी पडेल. बाकी ज्यांना घरी ब्रेकच्या कामाला हात घालायची धाकधूक वाटते त्यांनीही वाचा, कारण मलाही ती खूप वाटत होती आणि नेमकी माहिती एका जागी कुठे सापडत नव्हती.

माझी कोमांचे १९८८ ची, चार लिटरचं सहा सिलिंडरवालं इंजिन, लांब हौदा. इथे व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहतो, घराचं काम चालू आहे, त्यामुळे लाकूड, माती, टाइल्स असं सगळं हिच्यातूनच येतं. दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन करून काचेवर स्टिकर लावून घ्यावा लागतो, तेव्हा फी २० डॉलर होती. १६ सप्टेंबर २०२३ ला, शनिवारी सकाळी, गाडी घेऊन गेलो. इन्स्पेक्टरने पुढचं चाक काढलं, मायक्रोमीटर लावला आणि मला बोलावून रोटरवर (म्हणजे ब्रेकच्या डिस्कवर) कोरलेला कमीत कमी जाडीचा आकडा दाखवला. आपला रोटर त्याच्या खाली गेलेला. कडेला गंजाची जाड किनार होती म्हणून वरून बघताना तो चांगला जाड वाटायचा, पण पॅड जिथे घासतं तिथे तो आत गेला होता. दोन्ही बाजूंना तेच. शिवाय डाव्या बाजूच्या बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, खेळ होता.

मग रिजेक्शन स्टिकर लागला. नियम असा की तपासणीचा दिवस सोडून १५ दिवस मिळतात, तेवढ्यात दुरुस्ती करून त्याच स्टेशनवर परत गेलात तर फेरतपासणी फक्त १ डॉलरमध्ये होते. म्हणजे माझी शेवटची तारीख १ ऑक्टोबर, आणि तो रविवार, म्हणजे खरं तर शनिवार ३० तारीखच. बरेच जण सुचवतात की गाडी २५ वर्षांपेक्षा जुनी आहे ना, मग अँटिक (जुन्या गाडीची) नंबर प्लेट घे, त्याला सेफ्टी इन्स्पेक्शन लागत नाही. खरं आहे, पण अँटिक प्लेटवर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, आणि मुख्य म्हणजे रोटर खराब आहे तो प्लेट बदलून चांगला होणार नाहीये. हौद्यात अर्धा टन माती भरून उतारावरून येणारी गाडी आहे, समोर कुणाची तरी लेकरं रस्ता ओलांडत असतात. त्यामुळे तो विचार मी केलाच नाही.

आता मूळ अडचण. या वर्षांच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये पुढचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, आणि ब्रेकची डिस्क एकाच तुकड्यात ओतलेली असते. आत दोन टेपर बेअरिंग, ग्रीस, सील, बाहेरून नट आणि पिन. डिस्क झिजली की अख्खा हबच फेकायचा, नवीन तुकड्यात बेअरिंगचे कप बसवायचे, ग्रीस भरायचं, नटाचा ताण बघायचा. हे काम तसं अवघड नाही, आपल्याकडे जुन्या जीपवर काम करणारा कुठलाही मिस्त्री डोळे मिटून करेल, पण हा एकसंध तुकडा आता फार कमी ठिकाणी मिळतो आणि मिळाला तर महाग. मी त्या दिवशी दुपारी शोधलं तर एका ठिकाणी संपलेला, दुसऱ्या ठिकाणी एकाच बाजूचा शिल्लक, तिसऱ्या ठिकाणी १३० डॉलरला एक.

त्याच काळातल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये मात्र हब वेगळा आणि रोटर वेगळा. हब म्हणजे सीलबंद युनिट बेअरिंग, नकलला (स्टीअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा लोखंडी भाग) मागून तीन बोल्टनी धरलेला, आणि रोटर नुसता चाकाच्या स्टडवर सरकवायचा. १९९० पासून टू-व्हील-ड्राइव्ह चेरोकीलाही हीच पद्धत आली. चेरोकी २००१ पर्यंत बनत होती, अमाप खपली, त्यामुळे तिचे रोटर कुठल्याही दुकानात असतात, तेव्हा ३५-४० डॉलरला होते. चाकाचे पाच स्टडही त्याच मापात बसतात, पाच बाय साडेचार इंच, म्हणजे आपले रिम तसेच चालतात. तेव्हा ठरवलं की १९९० नंतरच्या चेरोकीचं पुढचं सगळं साहित्य कोमांचेच्या अ‍ॅक्सलवर चढवायचं.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो कारण अख्ख्या कामाचं मर्म तेच आहे. नकल, हब, रोटर, कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारा भाग), पॅड, होज (ब्रेकच्या तेलाची लवचीक नळी) हे सगळं एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलचं घ्या. नकल एका गाडीचा, कॅलिपर आपलाच जुना, रोटर तिसऱ्याच वर्षाचा असं जुळवत बसू नका. या गाड्यांमध्ये १९९९ च्या मध्यावर रोटरचा प्रकार बदलला, आधी मधला टोपीसारखा भाग पत्र्याचा आणि कडा बिडाची असायची, नंतर पूर्ण बिडाचा आला, त्याची टोपी जाड, म्हणून हबसुद्धा बदलला. दिसायला दोन्ही सारखे, स्टडवर दोन्ही बसतात, पण डिस्क दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकते आणि कॅलिपरच्या मध्यावर येत नाही.

१७ तारखेला, रविवारी, सेल्फ-सर्व्हिस भंगार यार्डात गेलो. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी, दारात थोडे पैसे (तेव्हा २ डॉलर) देऊन आत जायचं, आपली हत्यारं आपण न्यायची, गाड्या वेल्डिंग केलेल्या रिमवर ठेवलेल्या असतात, पार्ट स्वतः खोलायचा आणि बाहेर काउंटरवर ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. जॅक आणि गॅस कटर आत नेऊ देत नाहीत. यार्डाच्या साइटवर कुठली गाडी कुठल्या रांगेत आहे ते दिसतं, ते बघून जा. मला १९९५ ची टू-व्हील-ड्राइव्ह चेरोकी हवी होती, एबीएस नसलेली, आणि ती होती.

यार्डात हब नकलपासून वेगळा करत बसू नका. गंजून इतका घट्ट बसलेला असतो की तिथे उन्हात हातोडे मारण्यात जीव जातो. अख्खा नकलच काढून आणा. स्टीअरिंगच्या रॉडची पिन आणि नट काढायचा, मग वरच्या-खालच्या बॉल जॉइंटचे नट सैल करायचे पण पूर्ण काढायचे नाहीत, तीन-चार आटे तसेच ठेवायचे. मग नकलच्या कानावर मोठ्या हातोड्याने बाजूने ठोके द्यायचे, टेपर सुटतो तेव्हा मोठा आवाज होतो आणि नकल त्या नटांवर येऊन टेकतो. नट आधीच काढला असता तर तो लोखंडाचा धोंडा सरळ पायावर आला असता. हबच्या मधून जो आखूड शाफ्टचा तुकडा आणि मोठा नट असतो तोही सोबत आणायचा, टाकून द्यायचा नाही. टू-व्हील-ड्राइव्हमध्ये त्याने चाक फिरत नाही हे खरं, पण युनिट बेअरिंगचे दोन भाग एकत्र आवळून धरण्याचं काम तोच करतो, तो नसला तर बेअरिंग लवकर मोकळं होतं. जोडी ६० डॉलरला पडली. जुने कॅलिपरही तसेच उचलले, कारण रीबिल्ट कॅलिपर घेताना दुकानात जुना दिला की कोअर डिपॉझिट (जुन्या पार्टपोटी आधी घेतलेली रक्कम) परत मिळतं, तिथे कामाला आले.

त्याच रात्री ऑर्डर टाकली. नवीन हब दोन, ७५ ला एक. रोटर दोन, ३८ ला एक. पॅड ३२, होज दोन मिळून ३६, चारही बॉल जॉइंट ९५. रीबिल्ट कॅलिपर गावातल्या दुकानातून, दोन्ही मिळून ७०. जुन्या यार्डातल्या हबवरच काम भागवावं का असा विचार आला होता, पण त्याचं किती आयुष्य उरलंय हे बाहेरून कळत नाही, आणि एकदा नकल चढल्यावर परत खोलायची इच्छा नव्हती.

मंगळवारी १९ ला गणपती बसले. घरात पाहुणे, मोदक, आरती, आणि गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर गंजलेले नकल. संध्याकाळी दर्शनाला आमच्या मंडळातले एक काका आले, त्यांनी नोकरीची सुरुवातीची वर्षं कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्रीत काढलेली, बिडाचं काम हाताखालून गेलेलं. प्रसाद घेऊन ते थेट गॅरेजमध्ये आले. हब काढल्यावर नकलमध्ये जे गोल भोक दिसतं त्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा गंजाचा पापुद्रा आहे ना, हाच तुला पुढे त्रास देईल. हब इथे सपाट टेकला नाही तर डिस्क लहरणार, आणि तू रोटरला दोष देत बसशील." मी विचारलं, "काका, ग्राइंडर मारू का?" तर म्हणाले, "ग्राइंडर नको, माप जाईल. वायर ब्रश आणि एमरी पेपर, हाताने. आणि शेवटी डायल इंडिकेटर लावून डिस्क किती लहरते ते बघ." पुढच्या काही रात्री तेच केलं. तीन बोल्टच्या भोवतीचा भाग नख फिरवलं तरी कुठे अडकू नये इतका गुळगुळीत होईपर्यंत घासला. हे काम कंटाळवाणं आहे, पण पेडलला थरथर येण्याचं अर्धं कारण इथेच असतं, त्यामुळे घाई करू नका.

हब नकलमधून काढण्याबद्दल लिहायचं राहिलं. मागचे तीन बोल्ट १३ मिलिमीटरचे पण बारा कोनी, साधा सहा कोनी सॉकेट लागणारच नाही, तो आधी विकत आणून ठेवा. बोल्ट थोडे सैल करायचे, गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्यायचं, आणि मग सैल केलेल्या बोल्टच्या डोक्यांवर आळीपाळीने ठोकायचं. हब मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर येतो. मधला मोठा नट ३६ मिलिमीटरचा, त्याला इम्पॅक्ट गन लागली.

बुधवारी पार्सल आलं. बॉक्सवर नंबर बरोबर, आत रोटर चुकीचे, नंतरच्या वर्षांचे पूर्ण बिडाचे. मला कळलं कारण मी टेबलावरच नकल, हब, रोटर आणि कॅलिपर जुळवून बघितलं, डिस्क एका बाजूच्या पॅडला जवळजवळ चिकटत होती आणि दुसऱ्या बाजूला फट. म्हणून सांगतो, गाडी खोलायच्या आधी सगळं टेबलावर लावून बघा. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), चाकं बाहेर आणि पार्ट चुकीचा निघाला तर माणूस रडकुंडीला येतो. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्यांनी बदलून द्यायचं कबूल केलं पण नवीन सोमवारी येणार म्हणाले. त्या क्षणी मला खरंच टेन्शन आलं, कारण तारखा मोजल्या तर हाताशी फक्त पुढच्या आठवड्याच्या संध्याकाळी उरत होत्या.

शनिवारी २३ ला गौरी-गणपतींचं विसर्जन आणि त्याच दिवशी ओफिलिया वादळ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर आलं, इकडे दिवसभर पाऊस आणि वारा. माझी गॅरेज इतकी लहान आहे की ट्रक आत मावत नाही, काम ड्राइव्हवेवरच करावं लागतं. अंगण ओलं, घोड्या सरकायची भीती, त्यामुळे त्या शनिवार-रविवारी गाडीखाली गेलोच नाही. बायको म्हणाली, "तारीख गेली तर जाऊ दे, परत २० डॉलर भरू, पण पावसात गाडीखाली झोपायचं नाही." तिचं बरोबर होतं. आत बसून नकलला रंग मारला, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावून ठेवलं.

सोमवारी २५ ला बरोबर रोटर आले. मंगळवारपासून एकावेळी एकच बाजू घेतली, म्हणजे दुसरी बाजू बघून कुठे काय होतं ते ताडता येतं. डावीकडचा जुना हब सुटायला अजिबात वेळ लागला नाही, टोपी, पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग हातात आलं आणि हब-रोटरचा अख्खा तुकडा बाहेर. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला, होजवर लोंबकळत ठेवला नाही. बॉल जॉइंटसाठी लागणारा प्रेस विकत घेऊ नका, पार्टच्या दुकानात डिपॉझिट भरून नेता येतो आणि परत दिला की सगळे पैसे परत. जुने जॉइंट निघायला त्रास झाला, प्रेस पूर्ण ताणून ठेवला आणि बाजूच्या लोखंडावर हातोडा मारला तेव्हा बंदुकीसारखा आवाज होऊन सुटले. नवीन बसवताना ते सरळ जातायत ना हे दर दोन फेऱ्यांनी बघायचं, तिरका गेला तर भोक खराब होतं.

मग नवीन बॉल जॉइंटवर चेरोकीचा नकल चढवला. तो बसेल की नाही ही धाकधूक शेवटपर्यंत होती, वाचलेलं असलं तरी. बसला. नट आवळून पिना घातल्या, हब बसवायच्या आधी कडेला पातळ अँटी-सीझ लावलं म्हणजे पुढच्या वेळी निघेल, तीन बोल्ट ७५ फूट-पाउंडला, आणि मधला नट १७५ फूट-पाउंडला. हा १७५ चा आकडा मनावर घ्या. एवढा टॉर्क देणारा पाना नसेल तर तोही दुकानातून भाड्याविना मिळतो. अंदाजाने आवळू नका.

रोटर सरकवला, चाकाचे नट उलटे लावून त्याला हबवर घट्ट धरलं आणि काकांनी दिलेला डायल इंडिकेटर नकलवर चुंबकाने बसवला. रोटर हाताने सावकाश फिरवत सुईकडे बघत बसलो. सुई इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन भागांइतकी हलली, त्याहून जास्त नाही. उजवीकडे आधी पाच दाखवत होती, रोटर काढून एक स्टड पुढे फिरवून बसवला तर अडीचवर आली. हा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेक लोक करत नाहीत. एकसंध हबमध्ये हा पर्यायच नसतो.

नवीन होज लावले, तांब्याचे वॉशर नवीनच घेतले. ब्लीडिंगला, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला, बायको पेडलवर, मी खाली. पेडल दाब, धर, सोड, असं चारही चाकांना, मागून सुरुवात करून. ब्रेकचं तेल डॉट थ्री दर्जाचं. जुनं तेल चहासारखं निघालं. कोमांचेला मागे लोडप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला हात लावला नाही.

गुरुवारी २८ ला, अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, आमच्या गल्लीतल्या रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा चालवली. आधी पायी चालण्याच्या वेगाने, ब्रेक, परत, ब्रेक. मग ३० मैलांच्या वेगावरून हळूहळू थांबवत पॅड रोटरवर बसवून घेतले, मधे मधे थंड व्हायला चालवत राहिलो. घरी येऊन प्रत्येक हबजवळ हात नेऊन उष्णता पाहिली, दोन्हीकडे सारखी. त्या रात्री मला शांत झोप लागली.

शुक्रवारी अलाइनमेंट. नकल बदलले की ती करावीच लागते, फक्त टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवायची असते, या अ‍ॅक्सलला कॅम्बर (चाकाचा उभा कल) सहज बदलता येत नाही. १०० डॉलर. आणि शनिवारी ३० ला सकाळी उघडताक्षणी इन्स्पेक्शन स्टेशनवर. त्याच इन्स्पेक्टरने चाक काढलं, रोटर मोजला, चाक वर-खाली धरून हलवून बघितलं, रिजेक्शनचा कागद मागितला (तो जपून ठेवा), १ डॉलर घेतला आणि नवा स्टिकर लावला.

हिशोब सांगतो. साहित्य, तेल-क्लीनर-पिना असा किरकोळ ४० डॉलरचा खर्च, अलाइनमेंट आणि फी धरून ६८२ डॉलर झाले. जुनाच एकसंध हब-रोटर मिळवून, बेअरिंग-सील-पॅड टाकून काम साधारण ३५०-४०० मध्ये झालं असतं, म्हणजे या खेपेला पैसे वाचले नाहीत, जास्तच गेले. बॉल जॉइंट मात्र तसेही बदलायचेच होते. पुढच्या खेपेला दोन रोटरचे ७६ डॉलर, बेअरिंगला हात न लावता, ग्रीस न भरता. तुमची गाडी वर्षातून हजारभर मैलच फिरत असेल आणि एकसंध रोटर रास्त दरात हाताशी असेल तर माझ्या मते तेच टाका, या भानगडीत पडू नका. रोज ओझं वाहणारी असेल, किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालत असेल, तर हे करा.

एक शेवटचं. मी गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलंय आणि तसंच मास्टर सिलिंडरजवळ बॉनेटखाली चिकटवलंय, "पुढचे ब्रेक १९९५ चेरोकी, टू-व्हील-ड्राइव्ह, एबीएस नाही, जुन्या प्रकारचे रोटर" असं इंग्रजीत. कारण दुकानात गाडीचं वर्ष सांगितलं की ते १९८८ कोमांचेचेच पॅड काढून देतात, आणि आणखी पाच वर्षांनी कोण काम करत असेल, मी की दुसरं कुणी, ते आज माहीत नाही. हब आणि नकलच्या पावत्याही त्याच पाकिटात आहेत, हबची वॉरंटी त्यावरच चालते.